निक्सी ट्यूबचं घड्याळ करालोय, १८० व्होल्टचं सर्किट सेफ कसं करायचं? (सोलापूर)

पूर्वभागचा_माग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढालोय. मी सोलापूरचा, पूर्व भागात आमचे टॉवेलचे माग आहेत. आमचे नाना तरुणपणी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते आणि तिथल्या एका मीटरवर काचेच्या नळीत नारिंगी आकडे जळायचे, ते अजून सांगतात, हातानं दाखवतात की आकडा असा पुढंमागं व्हायचा, एक मागच्या तारेवर, एक पुढच्या. त्याच ह्या निक्सी ट्यूब. म्हणून मी त्यांच्यासाठी आयएन-१२ जातीच्या सहा ट्यूब मागवल्या, जुन्या रशियन बनावटीच्या, युक्रेनमधनं आल्या, एक पण फुटली नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या आत घड्याळ मागाच्या ऑफिसात लावायचंय.

आता प्रश्न. ह्याला १७०-१८० व्होल्ट डीसी लागतात. एका व्हिडिओत एकानं सरळ २३० ची लाइन घेतली, एक डायोड, एक कपॅसिटर, एक मोठा रेझिस्टर आणि ट्यूब पेटवली. खर्च तीस-चाळीस रुपये. मला ते सोपं वाटालंय. ट्यूबला करंट तर अडीच मिलिअँपच लागतो, एवढ्याशानं माणसाला काय होणार असं तो म्हणतो. बरोबर आहे का? मी आयटीआय वायरमन आहे, मागाच्या मोटारी, स्टार्टर सगळं करतो, पण इलेक्ट्रॉनिक्स नवीन आहे.

नवीपेठ_टीव्ही

थांब बाळा. प्लग लावू नकोस, आधी वाच.

पस्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत मी. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये बऱ्याच कंपन्या ट्रान्सफॉर्मर घालायच्याच नाहीत, लाइन सरळ चासिसला. त्याला आम्ही हॉट चासिस म्हणायचो. पिन उलटी घातली की अख्खा पत्रा फेज. गिऱ्हाइकाला कळायचं नाही कारण बाहेरनं लाकडी खोकं आणि प्लास्टिकची बटणं. एखादं बटण निघालं आणि नुसता दांडा राहिला की मग कळायचं. तो व्हिडिओवाला जे करतोय ते हेच आहे.

२३० एसी डायोडनं सरळ केलं की कपॅसिटरवर २३० नाही, ३२५ येतात, शिखराचे. आणि अडीच मिलिअँप ही ट्यूबची भूक झाली. लाइनची ताकद नव्हे. ट्यूबच्या मालिकेत रेझिस्टर आहे म्हणून ट्यूबला अडीच जातात. तुझं बोट रेझिस्टरच्या अलीकडं लागलं तर तुझ्या आणि एमएसईबीच्या मध्ये एक डायोड सोडून काहीच नाही. तू वायरमन आहेस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतंय, फक्त सर्किट छोटं दिसतंय म्हणून भीती गेली आहे. छोट्या सर्किटनं फसू नकोस.

आणि घड्याळ म्हटल्यावर त्याला वेळ लावायची बटणं असणार, यूएसबीनं प्रोग्रॅम घालणार, म्हणजे तुझा लॅपटॉप पण लाइनला जोडला जाणार.

पूर्वभागचा_माग

काका, पटलं. यूएसबीचा विचारच केला नव्हता, अंगावर काटा आला. पण शेडमध्ये ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) आहे आमच्याकडं, तो पडणार नाही का?

सर्किटवाली

मी उत्तर देते, डिप्लोमाच्या मुलांना हेच शिकवते. आरसीसीबी फक्त फेजमधनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट ह्यातला फरक मोजतो. तुमच्या अंगातनं जमिनीला गेला तर पडेल. पण एक हात फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर असेल तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही म्हणजे एक बल्ब. आणि ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टरच्या पलीकडे तुम्ही १८० व्होल्ट तयार केलेत की तिकडं काय चाललंय हे त्याला दिसतच नाही. आरसीसीबी हवाच, पण ह्या घड्याळाच्या आतल्या भागासाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका.

रस्ता असा. बाहेरून चांगला १२ व्होल्ट १ अँपचा अडॅप्टर घ्या, बीआयएसचा मार्क आणि आर ने सुरू होणारा नंबर असलेला. लाइनपासून वेगळं करायचं काम तो करेल, तुमच्या खोक्यात २३० येणारच नाहीत. आत १२ वरून १८० करणारा बूस्ट कन्व्हर्टर. (दोन पिनच्या अडॅप्टरला ओल्या हातानं बारीक झिणझिण लागते ती आतल्या एका छोट्या कपॅसिटरमुळे, ती वेगळी गोष्ट.)

आता आकडे, कारण आकडे मांडले की भीती पण योग्य जागी बसते आणि धीर पण. सहा ट्यूब, प्रत्येकी २.५ मिलिअँप, म्हणजे १५. गुणिले १८० व्होल्ट, २.७ वॅट. कन्व्हर्टर थोडा मोठा धरा, साडेतीन वॅटचा. कंट्रोलला एमसी३४०६३ आयसी आणि बाहेरून स्विचचं काम करणारा एक मॉस्फेट आयआरएफ७४०, जो ४०० व्होल्टचा आहे. इंडक्टर, म्हणजे कॉइल, १०० मायक्रोहेन्री, ५० किलोहर्ट्झवर चालवला तर दर पल्सला करंट साधारण १.२ अँपपर्यंत चढतो, म्हणून २ अँपला सॅच्युरेट न होणारा इंडक्टर घ्या, रेझिस्टरसारखा दिसणारा बारका हिरवा नको, तो तापून वाया जातो. आयआरएफ७४० ला गेटवर १० व्होल्ट तरी लागतात, ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि जळतो. डायोड १एन४००७ घालू नका, तो ५० हर्ट्झसाठी आहे, इथं त्याला बंद व्हायला वेळ पुरत नाही. युएफ४००७ घ्या, दिसायला तसाच, पण फास्ट.

प्रत्येक ट्यूबला स्वतःचा अनोड रेझिस्टर, म्हणजे पॉझिटिव्ह पायाच्या मालिकेत. ट्यूब पेटली की तिच्यावर साधारण १४० व्होल्ट राहतात, उरलेले ४० रेझिस्टरवर, भागिले २.५ मिलिअँप, १६के. बाजारात १५के मिळतो, तो चालेल. दोन ट्यूब एका रेझिस्टरवर लावू नका, जी आधी पेटेल ती दुसरीला पेटू देत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, एवढ्याशा सप्लायनं काय होणार. साडेतीन वॅटचा कन्व्हर्टर आणि ओल्या हातांचं शरीर २००० ओहम धरा. व्होल्टेज पडून ८४ वर येईल, पण करंट ४२ मिलिअँप जाईल, आणि हात चिकटला असेल तर जातच राहील. ह्या हाताकडून त्या हाताकडे, म्हणजे छातीतून. शिवाय १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १८० ला भरलेला असतो तो पहिला दणका वेगळाच देतो. लाइनपेक्षा हे नक्कीच बरं आहे. पण खेळणं नाही.

नवीपेठ_टीव्ही

बाई, अगदी बरोबर. एक हात खिशात ठेवायची सवय लाव बाळा. मीटरचं काळं टोक आधी चिमट्यानं ग्राउंडला अडकवायचं, मग प्लग लावायचा, मग एकाच हातानं लाल टोक.

गच्चीवरचा_रेडिओ

मूळचा होटगी रोडचा, आता पुण्यात. मला ह्या धाग्यावर माझं घडलेलं सांगायचंच आहे, लांब होईल पण वाचा.

माझं पहिलं निक्सी घड्याळ आयएन-१४ चं. कन्व्हर्टर असाच, एमसी३४०६३ वाला. ट्यूबचं आयुष्य वाढावं म्हणून रात्री ११ ते पहाटे ५ सगळ्या ट्यूब बंद ठेवायचो. ट्यूब बंद असल्या की कन्व्हर्टरवर लोड नसतो, मग तो थांबून थांबून पल्स देतो आणि इंडक्टरमधनं बारीक शिट्टी येते. रात्री खोलीत शांतता झाली की ऐकू यायची, सवय झाली होती. एका रात्री ती शिट्टी नव्हती. मला बरं वाटलं उलट. मग थोड्या वेळानं मासळीसारखा उग्र वास. उठलो, प्लग काढला. ट्यूब तर आधीपासून अंधारातच होत्या. पाचेक मिनिटं दिवा शोधण्यात, स्क्रू ड्रायव्हर शोधण्यात गेली, मग झाकण काढलं आणि बोर्ड दोन्ही हातांनी उचलला.

कोपरापर्यंत झटका. हात मागं आला तो टेबलाच्या कडेला, बोर्ड खाली, दोन ट्यूब फुटल्या. शुद्धीवर आलो तसं मीटर लावलं, कपॅसिटरवर तेव्हाही १९० होते. २५० व्होल्टचा कपॅसिटर, डोकं फुगलेलं.

कारण काय निघालं? फीडबॅकचा, म्हणजे आउटपुट किती आहे ते आयसीला कळवणारा, वरचा रेझिस्टर. १८० व्होल्टमधून आयसीला १.२५ व्होल्ट दाखवायला वर १ मेग आणि खाली ६.८के असा विभागणारा असतो. माझा १ मेग हा एकच बारका एसएमडी (बिनपायाचा, बोर्डावर चिकटणारा) होता, ०८०५ साइजचा. त्या साइजला १५० व्होल्टच चालतात, मी १८० देत होतो. वर्षभर चालला, मग आतून तुटला. तो तुटल्याबरोबर आयसीला वाटलं आउटपुट शून्य आहे, आणि तो पूर्ण ताकदीनं पंप करायला लागला, म्हणून शिट्टी बंद. दिवसा तुटला असता तर सहा ट्यूबनी ती ताकद खाऊन टाकली असती, मला फक्त जरा जास्त उजेड दिसला असता. रात्री लोड नव्हता.

आणि खरी गोम पुढं आहे. प्लग काढल्यावर कपॅसिटर ज्या वाटेनं रिकामा व्हायचा ती वाट म्हणजे तोच १ मेग होता. म्हणजे व्होल्टेज आवरणारा पण तोच आणि नंतर उतरवणारा पण तोच. एक रेझिस्टर गेला आणि दोन्ही गेलं. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो, एका पार्टवर दोन जबाबदाऱ्या टाकू नका.

सर्किटवाली

हे फार महत्त्वाचं लिहिलंत, मी वर्गात सांगणार आहे.

ह्यावर उपाय स्वस्तात होतो. वरचा रेझिस्टर एक घालायचाच नाही, ३३०के चे तीन मालिकेत, पाव वॅटचे, पायवाले. प्रत्येकावर साठ-एकसष्ट व्होल्टच येतात. खाली ६.८के ठेवला तर आउटपुट १८३ च्या आसपास मिळतं. व्होल्टेज कमीजास्त करायला प्रीसेट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) घालणार असाल तर तो खालच्या ६.८के च्या बाजूला घाला. खालची बाजू तुटली तर आयसीला व्होल्टेज जास्त दिसतं आणि तो थांबतो. वरची तुटली तर सुसाट सुटतो. बिघाड व्हायचाच असेल तर थांबण्याच्या बाजूनं व्हावा.

त्याच्या वर दुसरा पहारेकरी. १०० व्होल्टचे दोन झेनर (ठराविक व्होल्टला उघडणारे डायोड) मालिकेत, १एन४७६४, त्यांच्यापुढं ४७के, आणि ते टोक त्याच फीडबॅक पिनवर. नेहमीच्या १८० ला झेनर झोपलेले असतात. विभागणारा तुटला आणि आउटपुट २०५-२१० ला पोचलं की झेनरमधनं करंट येतो, आयसी थांबतो. कपॅसिटर २५० चा असेल तर वाचतो.

आणि ब्लीडर, म्हणजे प्लग काढल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर, वेगळा. १००के चे दोन मालिकेत, सरळ कपॅसिटरच्या पायांवर. ०.१६ वॅट वाया जातो, जाऊ दे. १० मायक्रोफॅरडला हा दोन-सव्वादोन सेकंदांत १८० वरून ६० वर आणतो. उपकरणांच्या मानकांत ६० व्होल्ट डीसीच्या खालचं सहसा हात लावण्याजोगं मानतात म्हणून ६० म्हटलं. कपॅसिटर उगाच ४७ किंवा १०० चा घालू नका, मोठा म्हणजे चांगला असं इथं नसतं, ४.७ ते १० पुरतो.

नवीपेठ_टीव्ही

ह्यात माझी एक भर. टेस्टरमधला निऑन माहीत आहे ना, तो काढ. २२०के लावून कपॅसिटरच्या दोन टोकांवर जोड आणि झाकण उघडल्यावर पहिला दिसेल असा बसव. निक्सी ट्यूब विझली म्हणजे व्होल्टेज गेलं असं बिलकुल नाही, ती शंभर-सव्वाशेच्या खाली टिकत नाही म्हणून विझते, कपॅसिटर तिथंच भरलेला राहतो. टेस्टरचा निऑन मात्र पन्नास-साठ व्होल्टपर्यंत जळत राहतो. तो विझला की बाईंनी सांगितलेल्या साठाच्या जवळ आलास. टीव्हीत आम्ही असाच लावायचो.

सर्किटवाली

काका, सुंदर. फक्त निऑन ब्लीडरच्या ऐवजी नको, सोबत हवा, कारण साठच्या खाली तो काहीच उतरवत नाही. आणि निऑन स्वतः खराब झाला तर अंधार म्हणजे सेफ असा गैरसमज होईल. निऑन बघा, मग मीटर लावा.

पूर्वभागचा_माग

सगळं वहीत लिहून घेतलं. ट्यूब आणि टेस्टरचा निऑन एकच गोष्ट का मग?

गच्चीवरचा_रेडिओ

भावंडं म्हण. दोन्हीत निऑन गॅस, दोन्ही थंड कॅथोडच्या, फिलामेंट नाही. टेस्टर डीसीवर लावून बघ, दोन काड्यांपैकी एकच जळते, निगेटिव्हवाली. निक्सीत अशा दहा निगेटिव्ह काड्या आकड्यांच्या आकारात वळवून एकामागं एक ठेवल्यात, आणि एक जाळीचा अनोड. ज्या आकड्याची तार ग्राउंडला ओढशील त्याच्याभोवती उजेड. नाना जे पुढंमागं म्हणतात ते हेच. अमेरिकेत बरोज कंपनीनं १९५५ मध्ये ह्या नावानं बाजारात आणल्या, रशियन ट्यूब नंतरच्या. बऱ्याच ट्यूबमध्ये थोडा पारा पण असतो, त्यानं तार झिजायची कमी होते, म्हणून फुटली तर खिडकी उघड, हातानं काचा गोळा करू नकोस.

आकडे ओढायला काय वापरणार आहेस?

पूर्वभागचा_माग

तोच पुढचा प्रश्न होता. कुणी के१५५आयडी१ म्हणतंय, कुणी ट्रान्झिस्टर. आणि मल्टिप्लेक्स केलं, म्हणजे ट्यूब आळीपाळीनं पेटवल्या, तर सामान कमी लागतं म्हणे.

सर्किटवाली

के१५५आयडी१ हा ७४१४१ चा रशियन भाऊ, खास निक्सीसाठीच केलेला. चार बिट द्या, दहातला एक आकडा ओढतो. त्याच्या आउटपुटला आत क्लॅम्प आहे, व्होल्टेज साधारण साठच्या वर जाऊ न देणारा. ट्यूब विझवायची तर १८० वजा ६०, ट्यूबला १२० च उरतात, तेवढ्यावर ती जळत नाही, म्हणून विझते. पण तुमचं आउटपुट दोनशेच्या वर सरकलं तर बंद आकडे पण मंद लाल दिसायला लागतात. तसं कधी दिसलं तर ट्यूब खराब झाली असं समजू नका, आधी प्लग काढा आणि फीडबॅक तपासा.

ट्रान्झिस्टर घ्यायचे तर एमपीएसए४२, ३०० व्होल्टचा. बेसला १०के, ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरनं (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपनं) पण आरामात चालतो. तो १०के काटकसर म्हणून गाळू नका. ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला तर वरून १५के आणि इकडून १०के, ह्या दोघांमुळेच कंट्रोलर आणि तुमचा लॅपटॉप वाचायची शक्यता राहते.

मल्टिप्लेक्स मी तुम्हाला सुचवणार नाही. सामान कमी लागतं हे खरं. पण प्रत्येक ट्यूब सहाव्या हिश्श्याएवढाच वेळ जळते म्हणून तिला करंट जास्त द्यावा लागतो, आणि प्रोग्रॅम एखाद्या ट्यूबवर अडकला की तो जास्तीचा करंट एकाच ट्यूबवर राहतो. मागाच्या शेडमध्ये मोटारी सुरू-बंद होतात, कंट्रोलर अडकणं काही अशक्य नाही. सहा ट्यूबला सहा के१५५आयडी१, सरळ ड्राइव्ह. अडकलं तर घड्याळ चुकीची वेळ दाखवत बसेल, एवढंच.

अजून एक, आकड्यांचा व्यायाम. तासाच्या पहिल्या ट्यूबवर ३ ते ९ कधी येतच नाहीत, न जळणाऱ्या तारांवर जळणाऱ्या तारांचा थर बसतो आणि पुढं ते आकडे अर्धवट पेटतात. रोज पहाटे दोन-तीन मिनिटं सगळे आकडे फिरवा.

चिंचेची_सावली

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या भावानं असंच तयार घड्याळ भेट दिलंय, लाकडी पट्टीवर ट्यूब उभ्या आहेत, वर काहीच झाकण नाही. माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे, ती त्या नळ्यांना हात लावते, काच कोमट असते म्हणून तिला गंमत वाटते. चालेल का?

नवीपेठ_टीव्ही

ताई, काचेला हात लावला तर काही होत नाही, काच इन्सुलेटर आहे. पण नळी मुळापाशी बघा. लाकडाच्या भोकात आणि काचेत फट असेल आणि आत तारेचे पाय दिसत असतील तर तिथं पिन, काडी, पाणी काहीही जाऊ शकतं. मुलं तेच करतात. तोवर उंचावर ठेवा आणि भावाला वर अ‍ॅक्रिलिकची पेटी बसवायला सांगा, मासे ठेवतात तशी, उलटी. पेटी स्क्रूनं बसवलेली हवी, नुसती ठेवलेली नको.

चिंचेची_सावली

बघितलं. फट आहे, करंगळी नाही जात पण पेन्सिल जाईल. आत्ताच कपाटावर ठेवलं. मनापासून आभार काका.

गच्चीवरचा_रेडिओ

पूर्वभाग, तू बोर्ड कशावर करणार? झिरो पीसीबीवर (तयार भोकांच्या बोर्डावर) करणार असशील तर शेजारशेजारच्या दोन भोकांच्या तांब्यात जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर फट असते. १८० ची ओळ आणि ५ व्होल्टची ओळ शेजारी ठेवू नकोस, मधली एक ओळ तांबं खरवडून रिकामी सोड.

सर्किटवाली

आणि तुमच्याकडे तूस. हे पुण्यातल्या माणसाला सुचणार नाही, पण मी शेडमध्ये मुलांना घेऊन गेले आहे. टॉवेलच्या मागावर कापसाचं तूस हवेत तरंगत असतं, कुठंही चिकटतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते कोरडं असतं, काही करत नाही. पावसाळा लागला की ते ओल धरतं आणि १८० व्होल्ट आणि ग्राउंड ह्यांच्यात ओली सुतळी टाकल्यासारखं होतं. नेमकं ६.८के वर तसं तूस बसलं तर आउटपुट वर सरकतं, मेगवर बसलं तर खाली येतं. सोल्डर झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिलनं ब्रशनं धुवा, वाळवा, मग उच्च व्होल्टच्या भागावर पीसीबीची वार्निश दोन हात. खोक्याला खालून भोकं ठेवलीत तर बारीक जाळी लावा.

वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची आयसी घ्या, लाइट गेली तरी चुकत नाही, वर्षाला मिनिटभराच्या आतबाहेर. पण स्वस्तातलं निळं मॉड्यूल असेल तर त्यात सेल चार्ज करायची सोय असते आणि बहुतेक लोक त्यात साधा सीआर२०३२ घालतात, जो चार्ज करायचा नसतो. त्या चार्जिंगच्या वाटेतला २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाका.

पूर्वभागचा_माग

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहालोय. झालं!

१२ चा अडॅप्टर, आत आल्याआल्या १ अँपचा फ्यूज, मग कन्व्हर्टर. ३३०के तीन, झेनर दोन, ब्लीडर वेगळा, काकांचा निऑन झाकणाच्या अगदी खाली. कन्व्हर्टर पहिल्यांदा ट्यूब न लावता सुरू केला, मीटर आधी अडकवून, डावा हात खिशात. १८४ आले आणि थांबले. तिथंच बसून राहिलो दहा मिनिटं नुसता मीटरकडं बघत. मग बाईंनी सांगितलेलं तपासायला ३३०के पैकी एकाचा पाय सोडवला, प्लग काढून, निऑन विझल्यावर, आणि पुन्हा सुरू केलं. २०८ वर येऊन थांबलं. दुसरा पहारेकरी जागा आहे. पाय परत लावला.

प्लग काढल्यावर ट्यूब लगेच विझतात, निऑन त्यांच्या मागनं एक श्वास जळत राहतो, आणि मनात पाच म्हणेपर्यंत मीटर १० च्या खाली. हा एक श्वासाचा फरक डोळ्यांनी बघितल्यावर काकांचं बोलणं पक्कं बसलं. गच्चीवाल्या दादांकडं कपॅसिटर उतरवणारी वाटच तुटली होती, म्हणून पाच मिनिटांनी पण झटका बसला.

नानांना सांगितलं नव्हतं. संध्याकाळी माग बंद झाल्यावर ऑफिसातली ट्यूबलाइट घालवली आणि प्लग लावला. ते उठून जवळ गेले, चष्मा वर केला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ह्यातला पाच म्हणजे उलटा केलेला दोन आहे की रे. मी सहा ट्यूब रोज हाताळत होतो, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एक शेवटचं. आमच्याकडचा माणूस कधी मी नसताना उघडेल म्हणून झाकणाच्या आतनं कागद चिकटवलाय, मराठीत आणि तेलुगूत, आधी प्लग काढ, निऑन विझू दे, मग मीटर लावून बघ, मगच हात घाल. काही राहिलंय का?

नवीपेठ_टीव्ही

शाब्बास. एक ओळ वाढव. मीटर कपॅसिटरवर लावायच्या आधी घड्याळातनं काढलेल्या चालू अडॅप्टरच्या १२ व्होल्टवर लावून बघ, मग कपॅसिटरवर, मग परत १२ वर. मीटरचा सेल उतरलेला असला किंवा वायर आतनं तुटलेली असली तरी तो शून्यच दाखवतो.

पूर्वभागचा_माग

वाढवली काका. दोन्ही भाषांत.